कमेंटमधून कळण्याआधी आजीकडून कळू द्या

उन्हाळा लागला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक सल्ला फिरू लागतो. मुलांना महिनाभर गावी आजी-आजोबांकडे पाठवा, मोबाइल काढून घ्या, मातीत खेळू द्या. सोबत फोटो असतो तो चौसोपी वाड्याचा, आमराईचा आणि विहिरीत उड्या मारणाऱ्या पोरांचा. या सल्ल्याला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की तो वाडा कुणाचा होता, आमराई कुणाची होती आणि त्या विहिरीवर पाणी भरायला कुणाला मज्जाव होता?

यवतमाळ जिल्ह्यात तर या विषयावर ग्रामपंचायतीचा ठराव झालेला आहे. पुसद तालुक्यातील बांशी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी केली आणि २०० रुपये दंड ठेवला. ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने हातात आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, ही गावाची अडचण खरी होती. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट धरली. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद राहतात. आम्हाला ही वाट जास्त प्रामाणिक वाटते, कारण तिथे नियम मोठ्यांनाही आहे. आपण स्वतः रात्री बारापर्यंत रील पाहायचे आणि दंड मात्र पोराला, हा न्याय नव्हे. शिवाय बंदी आली की पहिला फोन मुलीच्या हातातून जातो, हेही विसरू नका.

पण दोन्हीकडे एक प्रश्न उरतोच. फोन बाजूला ठेवला, मग त्या रिकाम्या वेळात मुलाच्या कानावर काय पडणार? गावात वेळ कधी मोकळा राहत नाही. आपण तो भरला नाही, तर पारावरच्या गप्पा भरतात, आणि त्या गप्पांत कोण कुठे बसतो हे ठरलेले असते. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी गाव म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयवाद यांचे आगर असल्याचे स्पष्ट सुनावले होते. घटनेने गावाऐवजी व्यक्तीला घटक मानले, याचे त्यांना समाधान होते. आपण गाव सोडले ते करमत नव्हते म्हणून नाही. हे मुलाला न सांगता त्याला गावी पाठवणे म्हणजे दुसऱ्याच्या आठवणी त्याच्या दप्तरात भरणे आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी निघालेल्या एका मुलाची गोष्ट आपल्या प्रत्येकाला पाठ आहे. १९०१ साल. रामजी सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशियर होते. त्यांनी मुलांना सुट्टीसाठी बोलावले. नऊ-दहा वर्षांचा भीमराव नवे कपडे घालून आगगाडीत बसला. सोबत थोरला भाऊ होता, आणि वारलेल्या थोरल्या बहिणीचा मुलगाही होता. म्हणजे रामजींचा नातूच सुट्टीत आजोबांकडे निघाला होता. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. कुणी गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी पोरांनीच हाकायची, असे ठरले. जवळ शिदोरी होती, पण रस्त्यात पाणी कुणी दिले नाही, आणि रात्र उपाशी गेली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. आपल्या माणसाची ‘मामाच्या गावची सुट्टी’ ही अशी होती.

आता एक आजची हकीकत. आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा पुण्यात आठवीत शिकतो. गेल्या मे महिन्यात त्याला दारव्हा तालुक्यात आजीकडे तीन आठवडे ठेवले. बाप फोन घेऊन परत गेला. पहिले दोन दिवस पोरगा नुसता धुमसत होता. ऊन असे की दुपारी ओसरीतून पाय बाहेर टाकवत नाही. पहाटे मात्र तो आजीबरोबर शेतातून पऱ्हाट्या आणायला जाऊ लागला. चौथ्या दिवशी त्याने विचारले, "आजी, डांबरी रस्ता आपल्या वस्तीच्या आधीच का संपते?" आजी म्हणाली, "हाय तसंच, बाबू." पण रात्री अंगणात बाजेवर पडल्यावर ती आपणहून बोलू लागली.

१९५६ साली ती नऊ-दहा वर्षांची होती. बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला, त्याने घरातले देव गाठोड्यात बांधले आणि नदीत सोडून दिले. आई रात्रभर रडली. मग बापाने मेलेले ढोर ओढायला जाणे बंद केले, तसे गावाने काम देणे बंद केले. पोराने विचारले, "मग तुम्ही खाल्लं काय?" आजी म्हणाली, "ज्वारीच्या कण्या, अन् अंबाडीची भाजी. पण ढोर नाही ओढलं."

त्यावर पोरगा बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने आई-बापालाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतला स्वतःचा फोटो त्याने टाकला होता. त्याखाली कुणीतरी आरक्षणावरून घाण लिहिले. कदाचित वर्गातलाच असेल. त्याने आपला फोटोच काढून टाकला होता. आजीला कमेंट म्हणजे काय ते कळले नाही. "भित्तीवर लिवलं का कोणी?" तिने विचारले. आणि पुढे म्हणाली, "मंग तू काहून पुसलं? फोटू तर तुया होता."

आमचे सारे म्हणणे या एका प्रश्नात आहे. शहरातली आपली सुशिक्षित घरे मुलांपासून जात लपवतात. वय लहान आहे, मन दुखेल, नंतर सांगू, असे म्हणत राहतात. मुलाला जात कळतेच, फक्त ती फोनच्या पडद्यावर कळते, एकट्याला, शिवीच्या रूपात. त्या क्षणी त्याच्या मागे कुणी उभे नसते. तीच गोष्ट आजीच्या तोंडून कळली, तर अपमानाबरोबर नकारही कळतो. ढोर ओढायला नकार देणारा पणजोबा ज्याला माहीत आहे, तो आपला फोटो इतक्या लवकर पुसणार नाही.

काहीजण म्हणतील, पोरांचे बालपण कशाला जड करता? त्यांना आंबे खाऊ द्या, पोहू द्या. जरूर. आजीकडे फक्त दुःख आहे असे आम्ही म्हणतच नाही. तिच्याकडे गाणी आहेत, कोट्या आहेत, गावाला दिलेली उत्तरे आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा झाल्या. त्यांत भीमरायाच्या ओव्याही आहेत. कुणीतरी बसून ऐकल्या म्हणून त्या टिकल्या. १९५६ साली दहा वर्षांची असलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेल्या, १९७९च्या नामांतर लाँग मार्चच्या काळात तरुण असलेल्या माणसांचेही केस पांढरे झाले. आणखी दहा उन्हाळ्यांनी विचारायला कोण उरणार आहे?

मोबाइल हा आपला शत्रू नाही, हेही स्पष्ट करतो. लॉकडाऊनमध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे सरकार सांगत होते, तेव्हा घरातला एकुलता फोन बापाबरोबर कामावर जात होता आणि वस्तीतल्या पोरांचे शिक्षण बंदच पडले होते. ज्यांना फोन उशिरा मिळाला, त्यांच्या पोरांना फोन वाईट म्हणून शिकवणे आम्हाला मान्य नाही. फोन कधी बाजूला ठेवायचा आणि कधी हाती घ्यायचा, हे शिकवायचे आहे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. या मे महिन्यात शहरातली मुले गावी आणा, पण त्यांच्यासोबत एक कोरी वही द्या. आई-बापांनीही दोन दिवस फोन बंद ठेवून आजीजवळ बसावे. आपले आडनाव कुठून आले, वस्ती गावाच्या या टोकाला का, घरातले देव कधी गेले, शाळेत पहिले कोण गेले, गावाने काय नाकारले आणि आपण काय नाकारले, हे मुलांनी विचारावे. संध्याकाळी विहार उघडा, ग्रंथालयाचे कुलूप काढा, गावातल्या मुलांनाही बसवा. शेवटच्या दिवशी मुलाच्या हातात फोन परत द्या आणि आजीला विचारून तिचा आवाज नोंदवायला सांगा. एक प्रत विहारात ठेवा.

त्या पुण्याच्या पोराच्या वहीची सोळा पाने भरली. आजीने त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते, "मले लिवता येत नाही. मी सांगतो, तू लिव." परत गेल्यावर फोन त्याच्या हातात आलाच, रीलही सुरू झाली. पण १४ एप्रिलचा तो फोटो त्याने पुन्हा टाकला आहे.

जय भीम!