मैदाने, स्मारके आणि मानेसरचा कामगार

शहरातील उद्याने, मैदाने व ऐतिहासिक वास्तू हा सुखवस्तू वर्गाच्या फेरफटक्याचा विषय समजण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः हा प्रश्न जमिनीचा आहे आणि म्हणूनच तो कामगारवर्गाचा आहे. राजधानीलगतच्या हरियाणातील मानेसर येथे तो उघड्या स्वरूपात पाहावयास मिळतो.

२७ ऑगस्ट २००४ रोजी मानेसर, नौरंगपूर व लखनौला या गावांतील सुमारे ९१२ एकर जमीन औद्योगिक वसाहतीसाठी संपादन करण्याची अधिसूचना निघाली. संपादनाच्या धास्तीने शेतकऱ्यांनी मिळेल त्या भावात जमिनी विकल्या. बिल्डरांनी त्या घेतल्या. आणि २४ ऑगस्ट २००७ रोजी सरकारने संपादनच रद्द केले. हा अधिकाराचा कपटी गैरवापर होता, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १२ मार्च २०१८ रोजी दिला व जमिनी सार्वजनिक संस्थांकडे सोपविल्या. ‘सार्वजनिक हित’ या शब्दांचा भांडवलदारी अर्थ यापेक्षा स्पष्ट कसा व्हावा?

या नगरीत मोटारी व त्यांचे सुटे भाग बनविणारा कामगार गावांतील भाड्याच्या कोंदट खोल्यांत दाटीने राहतो. पाळी संपल्यावर चार घटका बसावे, मुलांनी खेळावे, सभा भरवावी, अशी हक्काची जागा त्याला नाही. २०१२ साली मारुती कारखान्यातून ५४६ कायम कामगार बडतर्फ झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी मानेसरमध्ये पुन्हा धरणे धरले, तेव्हाही बसायचे कोठे हाच पहिला झगडा ठरला. शेजारच्या गुरुग्राममध्ये २०१८ साली शुक्रवारच्या नमाजासाठी ३७ मोकळ्या जागा मुक्रर झाल्या. २०२१ मध्ये दडपणापुढे नमून त्यांतील ८ जागांची परवानगी काढून घेण्यात आली. मोकळी जागा आकसली की धर्माच्या नावाने कामगारांत फूट पाडणे सोपे जाते.

महाराष्ट्रातील वाचकांना हा इतिहास परका नाही. परळच्या कामगार मैदानावर गिरणगावाने आपला आवाज घडविला. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी व तितकाच सार्वजनिक घरबांधणीसाठी मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ इमारती नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. उद्यानाच्या जागी मनोरे व मॉल उभे राहिले.

स्मारकांबाबतही वर्गदृष्टी हवी. गुरुग्राम जिल्ह्यातील फरुखनगरचा शीशमहाल १७३३ च्या सुमारास फौजदार खानाने बांधला. तेथील नवाब अहमद अली याला १८५७ च्या उठावातील सहभागाबद्दल इंग्रजांनी १८५८ साली दिल्लीत फाशी दिले. नवाबाचे नाव तरी उरले. त्या उठावात मेलेल्या बहुतेक शिपायांची व शेतकऱ्यांची नावे कोणत्याही भिंतीवर नाहीत. अशी वास्तू जतन करणे म्हणजे सरंजामी वैभवाचे पूजन नव्हे. साम्राज्यशाहीविरुद्ध हिंदू-मुसलमान जनता एकत्र लढली, याचा तो दगडी पुरावा आहे.

मानेसरला २०२० पासून महानगरपालिका आहे आणि २०२५ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. तेव्हा मागण्या कोणापुढे ठेवावयाच्या हे स्पष्ट आहे. न्यायालयीन निर्णयाने सार्वजनिक संस्थांकडे आलेल्या जमिनीचा हिशेब जाहीर करावा; तिचा निश्चित वाटा कामगारांची घरे व मैदाने यांसाठी राखावा; अरवलीचे डोंगर व गावांच्या शामलाती जमिनी बिल्डरांच्या हाती जाऊ देऊ नयेत; सभेसाठी कायम जागा मुक्रर करावी.

वेतनाचा लढा कारखान्याच्या फाटकावर थांबत नाही. दिवसाचे उरलेले तास कामगार कोठे व कसे जगतो, हाही त्याच लढ्याचा भाग आहे. कामगार संघटनांनी व किसान सभेने ही मागणी एकजुटीने हाती घेतली पाहिजे.