वाटीतली पेज पातळ का होते?

रत्नागिरीजवळच्या एका गावातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. बाळ आठ महिन्यांचं. उकड्या तांदळाची पेज त्या चांगली दाट शिजवतात, घोटून वाटीत घेतात. बाळ निम्मी खातं आणि उरलेली तासाभराने पाहावी तर पाण्यासारखी! सासूबाई म्हणतात, ‘पाणीच जास्त घातलंस.’ रोजची कुरबूर. ‘पातेल्यातली पेज मात्र दाटच राहते, हे कसं?’ असं त्या विचारतात.

भगिनींनो, उत्तर या प्रश्नातच आहे. वाटीत बाळाचा उष्टा चमचा पुन्हापुन्हा बुडतो, पातेल्यात नाही. लाळेत अमायलेज नावाचं पाचक द्रव्य असतं. ते तांदळातल्या स्टार्चचे तुकडे करतं. दाटपणा जातो आणि साखर तयार होते. भात बराच वेळ चावला की गोडसर लागतो, तो यामुळेच. लाळेचा हा गुण लॉइख्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिला.

हे द्रव्य उष्णतेच्या बाबतीत भारी चोखंदळ. अंगाइतकी ऊब, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, मिळाली की काम जोरात. थंडीत ते मंदावतं, पण मरत नाही. ऊब मिळताच पुन्हा कामाला लागतं. उकळलं तर मात्र अंड्याच्या पांढऱ्यासारखं कायमचं बिघडतं. बाळाची पेज आपण कोमट करूनच देतो, त्यात आपल्याकडची उबदार हवा. मग वाटीतली पेज दाट राहावी कशी?

खात्री हवी तर सासूबाईंना शेजारी बसवून पाहा. घोटभर कोमट पाणी तोंडात मिनिटभर घोळवून भांड्यात घ्यावं. त्यातलं थोडं उकळून निववावं. तीन काचेच्या वाट्यांत पेजेची पातळ निवळ चमचा-चमचा घ्यावी. पहिली वाटी बर्फात गार करावी, दुसरी व तिसरी कोमट पाण्यात ठेवावी. पहिल्या दोन्हींत लाळेचं साधं पाणी, तिसरीत उकळलेलं घालावं. अर्ध्या तासाने तिन्हींत टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाकावा. पहिली आणि तिसरी निळीकाळी होईल. दुसरीत निळा रंग दिसणार नाही, कारण तिथला स्टार्च संपला. निवळ गरम असताना थेंब टाकू नये, रंग उडतो. नंतर हे सगळं फेकून द्यावं, वाट्या स्वच्छ घासाव्यात आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आता महत्त्वाचं. पेज पातळ झाली म्हणून ती विषारी होत नाही. पण उष्ट्या चमच्याबरोबर तोंडातले जंतूही वाटीत जातात आणि त्याच उबेत वाढतात. म्हणून :

• बाळापुरती पेज वेगळ्या वाटीत, थोडी-थोडी घ्यावी.
• उष्टी उरलेली पेज पुन्हा बाळाला देऊ नये. उकळली तरी दाटपणा परत येत नाही आणि काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही.
• चव पाहायची तर वेगळा चमचा घ्यावा.
• सहा महिन्यांनंतरच्या बाळाची पेज चमच्यावरून न ओघळेल इतकी दाट असावी. पातळ पेजेने इवलंसं पोट भरतं, पण अंगी लागत नाही.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीने हे सासूबाईंना वाचून दाखवावं. पाणी जास्त झालेलं नाही!