मोर नाचला की मोरगावात नाचला?

मोडी कागदातली अक्षरे ओळखू आली तरी अडचण संपत नाही. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढी आणि तिच्याखाली, शब्दांमध्ये जागा न सोडता, अक्षरे लिहीत जाई. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने ठरवायचे. संगणकालाही हे काम नेहमी पडते. त्याला अक्षरमाळ तोडणे म्हणू.

विद्यार्थी मित्रहो, आमच्या गावाचेच उदाहरण घ्या : 'मोरगावातनाचला'. अक्षरे ८, त्यांमधल्या फटी ७. प्रत्येक फटीत तोडायचे किंवा नाही, असे दोनच पर्याय; म्हणून एकूण प्रकार १२८. ते सारे मांडून शब्दकोशाशी ताडता येतील. पण ओळ ३० अक्षरांची झाली की प्रकार होतात ५३,६८,७०,९१२! येथे पुष्कळजण अधिक वेगवान यंत्र मागतात. मला ते पटत नाही. एक अक्षर वाढले की काम दुप्पट होते, तेव्हा दुप्पट वेगाचे यंत्र आणून फायदा किती? एका अक्षराचा.

त्यापेक्षा कागदावर १ ते ८ आकडे मांडा. आपल्या कोशात मोर, गावात, मोरगावात, नाचला एवढेच शब्द आहेत असे समजा. 'मोर' दुसऱ्या अक्षरावर संपतो. २ खाली १ लिहा. पाचव्या अक्षरावर दोन वाटा येतात : 'मोर गावात' आणि 'मोरगावात'. ५ खाली २ लिहा. आता गंमत पाहा. पुढे उरलेले 'नाचला' दोन्ही वाटांना सारखेच आहे, ते दोनदा का तपासायचे? एकदाच तपासा आणि ८ खाली २ लिहा. या रीतीने कोशात फार तर ३६ तुकडे शोधावे लागतात. ३० अक्षरांना ४६५. (सर्वांत लांब शब्द आधी उचलावा, ही सोपी युक्ती येथे मोराला गमावून बसते.)

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आणले आहे. माझे मत असे की तेथे पहिले चार तास यंत्र बंद ठेवावे, आणि मुलांना अशा मराठी ओळी पेन्सिलीने तोडायला द्याव्यात. आज्ञावली तयार मिळते. केलेले काम टिपून ठेवण्याची सवय तशी मिळत नाही.

आणि ती दोन उत्तरे? त्यांतले खरे कोणते, हे आपल्या तक्त्यातून कळत नाही. त्यासाठी पत्राची आधीची ओळ वाचावी लागते.