भांडण मुलींचे की बापांचे?

बेंगळुरूत राहून मराठी वाचणाऱ्या आम्हा काही मंडळींची महिन्यातून एकदा बैठक भरते. मागच्या बैठकीत एका सभासदाची शाळकरी नात एका जपानी चित्रमालिकेतील दोन जादूगार मुलींच्या वैराविषयी मोठ्या तळमळीने बोलली. तिचे बोलणे संपते न संपते तोच एक वयोवृद्ध व व्यासंगी गृहस्थ हसून म्हणाले, "यात नवे ते काय? आपल्याकडे देवयानी-शर्मिष्ठा होऊन गेल्याच की! दोन बायका एकत्र आल्या म्हणजे मत्सर ठेवलेलाच." सर्वांनी माना डोलावल्या. पोरगी हिरमुसली. मीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहे.

हे मत त्या गृहस्थांचे एकट्याचे असते, तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ते आपल्या सुशिक्षित समाजाचे मत आहे, आणि आपल्या साहित्याने ते जोपासले आहे. माझे म्हणणे असे की, ते मुळात चुकीचे आहे. देवयानी आणि शर्मिष्ठा यांचे वैर सवतीमत्सरातून जन्मलेले नाही. ते त्यांच्या बापांच्या सत्तेच्या व्यवहारातून जन्मले, आणि त्याची किंमत मात्र मुलींनी मोजली.

मूळ कथा आदिपर्वात आहे. दोघी मैत्रिणी वनात जलक्रीडेला गेल्या असता इंद्राने वाऱ्याचे रूप घेऊन काठावरची वस्त्रे एकमेकांत मिसळली. शर्मिष्ठेने न कळत देवयानीचे वस्त्र उचलले आणि कलहाला तोंड फुटले. ययातीचा या क्षणी कथेत पत्ताही नाही. मग पुरुषावरून भांडण कोठून येणार? शर्मिष्ठेचे शब्द पाहावेत. ती म्हणते की, तुझा बाप स्तुती करणारा, मागणारा, घेणारा. माझा बाप स्तुती करवून घेणारा आणि देणारा. भांडण वस्त्राचे नव्हे, रूपाचेही नव्हे. राजा मोठा की राजाला तारणारा गुरू मोठा, हा वृषपर्वा आणि शुक्राचार्य यांच्यातील न सुटलेला प्रश्न दोन मुली पाण्याच्या काठी भांडत होत्या. घरात जे मनात दाबून ठेवले जाते, ते मुलांच्या तोंडून अंगणात बाहेर पडते, हे कोणत्या गृहस्थाला ठाऊक नाही?

आता जादूचे पाहू. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या शुक्राचार्यांपाशी होती. असुरांचे सारे बळ तिच्यावर उभे होते. ही विद्या घरातच, आणि घरात एकच लाडकी मुलगी. पण ती तिला शिकवावी, असे त्या कथेत कोणाच्याही मनात येत नाही. ती मिळाली कोणाला? शत्रूच्या गोटातून आलेल्या कचाला! देवयानीच्या अश्रूंमुळे तो पुनःपुन्हा जिवंत झाला, आणि विद्या घेऊन निघताना गुरुकन्या ती बहीण, असे सांगून मोकळा झाला. तिने शाप दिला की, तुझी विद्या फळणार नाही. त्याने उत्तर दिले, मला न फळो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. आणि वर तिलाच उलट शाप दिला की, कोणी ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही. देवांचे काम झाले. ज्या मुलीच्या भोवती एवढी जादू नांदत होती, तिच्या वाट्याला शापापलीकडे काही आले नाही.

दोघी निर्दोष होत्या, असे मी म्हणत नाही. शर्मिष्ठेने मैत्रिणीला विहिरीत ढकलले आणि ती मेली असे समजून मागे न पाहता घर गाठले. पुढे तिला साधीभोळी ठरवणाऱ्यांनी हे विसरू नये. देवयानीने राजकन्येला हजार दासींसह आपली दासी करून मागितले, हेही क्रौर्यच. परंतु ही मागणी पुरी झाली कशी? शुक्राचार्यांनी प्रथम मुलीला क्षमेचा उपदेश केला. ती ऐकेना, तेव्हा त्यांनी राज्य सोडून जाण्याची धमकी दिली. संजीवनी गेली तर असुर गेले, हे वृषपर्व्याला कळत होते. म्हणून राज्य राखण्यासाठी त्याने मुलगी दिली. देवयानीने तेव्हा टोचून विचारले की, देणाऱ्याची मुलगी घेणाऱ्याच्या मुलीची दासी कशी होणार? शर्मिष्ठेने उत्तर दिले की, संकटात पडलेल्या आपल्या माणसांना ज्या उपायाने सुख होईल तो मी करीन. सौदा दोन बापांचा झाला. गहाण पडली एक मैत्रीण आणि सावकारीण ठरली दुसरी.

या प्रसंगाचे आपल्या साहित्यिकांनी काय केले? काकासाहेब खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'त (१९१३) कथेला मद्यपाननिषेधाचे वळण मिळाले. कै. भाऊसाहेब खांडेकरांच्या 'ययाती'ने (१९५९) दोघींना स्वतःच्या तोंडाने बोलू दिले, याबद्दल मराठी वाचक त्यांचा ऋणी राहील. परंतु तेथेही एक अहंकाराची मूर्ती झाली आणि दुसरी निःस्वार्थ प्रीतीची, व दोघींच्या मध्ये ययातीची वासना उभी राहिली. दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, गिरीश कर्नाड यांचे कन्नड 'ययाति' प्रसिद्ध झाले. माथेरानला जन्मलेले आणि २०१९ मध्ये याच बेंगळुरूत निवर्तलेले कर्नाड आम्हा येथल्या मराठी वाचकांना दोन्हीकडून जवळचे. त्यांच्या नाटकाचा शेवटचा भार पूरूची पत्नी चित्रलेखा हिच्यावर पडतो. तात्यासाहेब शिरवाडकरांनी १९६६ मध्ये 'ययाति आणि देवयानी' लिहिले. बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांनी त्यापूर्वी, १८५९ मध्येच, 'शर्मिष्ठा' लिहिले होते. ही शीर्षके एका ओळीत मांडून पाहावीत. राजा आहे, राजा आणि राणी आहेत, एकटी दासीही आहे. दोघी मैत्रिणी एकत्र कोठेच नाहीत.

यावर कोणी म्हणेल, साहित्यिकाला कथेचे हवे ते करण्याचे स्वातंत्र्य आहे. ते मला मान्य आहे. माझी तक्रार वाचकाविषयी आहे. हे स्वातंत्र्य घेऊन घडवलेल्या कलाकृतीलाच तो पुराण समजतो, आणि तिच्या आधारे आपल्या नातीला स्त्रीस्वभावाचा सिद्धांत ऐकवतो.

आता त्या पोरीच्या चित्रमालिकेकडे वळू. जपानमध्ये जादूगार मुलींच्या गोष्टींची स्वतंत्र परंपरा दूरदर्शनवर १९६६ पासून आहे. २०११ मध्ये आलेल्या 'मादोका माजिका' या बारा भागांच्या मालिकेत क्यूबे नावाचा एक गोंडस प्राणी मुलींशी करार करतो: एक इच्छा मी पुरवतो, त्या बदली तुम्ही चेटकिणींशी लढावे. सायाका एका वादक मुलाचा निकामी झालेला हात बरा व्हावा म्हणून करार करते. क्योकोने आपल्या धर्मोपदेशक बापाचे लोकांनी ऐकावे म्हणून तो पूर्वीच केलेला असतो. आणि ते कळताच बापाने सारे कुटुंब संपवलेले असते. दोघी गावाच्या हद्दीवरून हाडवैरिणींसारख्या लढतात. पुढे उलगडते की, लढणाऱ्या मुलीच अखेर चेटकिणी होतात, आणि त्यांच्या निराशेतून निघणारी शक्ती क्यूबेच्या जातीला हवी असते. हे कळल्यावर क्योको काय करते? चेटकीण झालेल्या सायाकाला ती हाक मारून परत आणू पाहते, आणि ते साधत नाही तेव्हा तिच्यासोबत प्राण देते.

म्हणजे ज्या गोष्टीला आमच्या व्यासंगी मित्रांनी मत्सराची गोष्ट म्हणून हसून वाटेला लावले, ती मुळी कराराची गोष्ट होती. दोन मुली एकमेकींचे गळे धरीत असताना करार लिहिणारा कोठे उभा आहे, हा प्रश्न तिने विचारला. आपण तो आदिपर्वाला विचारायचा राहिलो.

आणि व्यासांनी त्याचे उत्तर राखून ठेवले आहे. देवयानीचा पुत्र यदू. त्याच्या वंशात श्रीकृष्ण झाला. शर्मिष्ठेचा पुत्र पूरू. त्याच्या वंशात अर्जुन झाला. पाण्याच्या काठी तुटलेली मैत्री कित्येक पिढ्यांनंतर एका रथावर पुन्हा जुळली. ज्यांना ही कथा स्त्रियांच्या जन्मजात वैराचा दाखला वाटते, त्यांनी ती येथवर वाचावी.

पुढल्या बैठकीत त्या मुलीला पुन्हा बोलावण्याची विनंती मी केली आहे. त्या वेळी आपण वडील मंडळींनी थोडे कमी बोलावे, एवढीच प्रार्थना.