पाते वाकले म्हणून विमान बाद?

अमेरिकेतील ‘सायन्स ऑलिम्पियाड’ या शालेय स्पर्धेत मुले रबराच्या पिळावर चालणारी हलकी विमाने बंद सभागृहात उडवतात. विमान जितका जास्त वेळ हवेत, तितके यश. वाद होतो तो प्रोपेलरवरून.

नियम काय सांगतो?
उडताना पात्यांचा कोन किंवा व्यास बदलणारी यंत्रणा चालत नाही. आंतरराष्ट्रीय ‘एफ१डी’ गटात मात्र ती चालते.

पेच कुठे आहे?
पूर्ण पीळ दिलेल्या रबराचा जोर सुरुवातीला सर्वाधिक असतो. त्या जोराने बाल्सा लाकडाचे पातळ पाते किंचित मुरडते आणि कोन आपोआप बदलतो. मग ही यंत्रणा झाली का?

नाही. स्प्रिंग, बिजागरी असे कोन बदलण्यासाठी जोडलेले भाग म्हणजे यंत्रणा. लवचीकपणा हा लाकडाचा गुण आहे. अजिबात न वाकणारे पाते कोणीच बनवू शकत नाही. वाकण्यावर बंदी धरली, तर प्रत्येक विमान बाद ठरेल.

मुद्दाम लवचीक केलेली पाती आयोजकांना नको असतील, तर तसे नियमात आधीच लिहावे. परीक्षकाने ऐनवेळी नियमाचा अर्थ वाढवला, तर मुलांची अनेक महिन्यांची मेहनत टेबलावरच संपते.