घरात असून हरवलेली माणसं

“आई, हे आपलंच घर आहे हो,” हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणावं लागतं, ते ज्या घरात विसरण्याचा आजार शिरलाय तिथल्या बाईलाच ठाऊक. ज्या घरात चाळीस वर्षं संसार केला, त्याच घरात संध्याकाळ झाली की सासूबाई पिशवी भरायला घेतात. “मला घरी जाऊ दे, आई वाट बघत असेल.” त्यांची आई जाऊन तीस वर्षं झालेली! मग कोणी म्हणतं, नाटकं आहेत. कोणी म्हणतं, वय झालं. आणि एखादी शेजारीण हळूच म्हणते, “सून नीट बघत नसेल.”

मैत्रिणींनो, या शेवटच्या वाक्याबद्दल मला आज बोलायचं आहे. कारण घर, दिवस आणि माणसं न ओळखणं हा ना स्वभाव असतो, ना सुनेचा दोष. अल्झायमर या आजारात मेंदूतला नकाशाच पुसट होत जातो. आणि हे आता नुसतं सांगायचं राहिलेलं नाही, तर मेंदूच्या चित्रांमध्ये बघायला मिळतं.

या आजाराची पहिली नोंद झाली तीही एका बाईवरून. १९०१ साली जर्मनीत, फ्रँकफर्टच्या इस्पितळात औगुस्ट डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईला दाखल केलं. डॉ. अल्झायमर यांनी तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिनं स्वतःचंच नाव सांगितलं. आपण कुठं आहोत, हेही तिला उमगत नव्हतं. १९०६ मध्ये ती गेली. त्यानंतर डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तो आक्रसलेला, पेशींमध्ये गुंते झालेला दिसला. म्हणजे त्या काळी आत काय बिघडलंय ते कळायला माणूस जावं लागायचं.

आज जिवंत माणसाचा मेंदू पाहता येतो. एमआरआयमध्ये मेंदूचा कुठला भाग किती आक्रसलाय ते दिसतं. त्याच यंत्राचा एक प्रकार असा आहे, की माणूस विचार करत असताना कुठला भाग कामाला लागलाय ते कळतं. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं एक औषध टोचतात आणि मेंदू कुठं ती साखर कमी वापरतोय ते बघतात.

आपल्याला वाट सापडते कशी, याचं कोडं आधी उंदरांवरच्या अभ्यासातून उलगडत गेलं. लंडनच्या जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये ‘मी इथं आहे’ हे नोंदवणाऱ्या पेशी सापडल्या. नॉर्वेच्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांनी २००५ मध्ये शेजारच्याच भागात, नकाशावरच्या चौकटींसारखं काम करणाऱ्या पेशी दाखवल्या. तिघांना २०१४ मध्ये नोबेल मिळालं. आणि अल्झायमरचा घाला अगदी सुरुवातीला पडतो तो नेमका याच भागावर! म्हणूनच नाव-गाव सगळं नीट सांगणारं माणूससुद्धा रोजच्या बाजाराच्या वाटेवर चुकू शकतं.

२०१५ साली जेरुसलेमच्या डॉ. शहार आर्झी यांच्या गटानं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. धडधाकट माणसांना स्कॅनच्या यंत्रात झोपवून विचारलं, या दोन माणसांपैकी तुम्हाला जवळचं कोण? या दोन जागांपैकी जवळची कुठली? या दोन प्रसंगांपैकी अलीकडचा कुठला? माणूस, जागा आणि वेळ या तिन्ही गोष्टींसाठी मेंदूतले अगदी एकमेकांना लागून असलेले भाग कामाला लागतात, असं दिसलं. आणि अल्झायमरमध्ये मार बसणारे भागही बरेचसे हेच. आता सांगा, सासूबाईंना घर परकं वाटणं, साल चाळीस वर्षं मागे जाणं आणि मुलगा भाऊ वाटणं हे सगळं एकदमच होतं, यात नवल ते काय? एकाच भिंतीला ओल धरली की तिच्यावर टांगलेल्या सगळ्याच तसबिरी खराब होतात ना, तसंच हे.

पण म्हणून लगेच “स्कॅन काढा” म्हणत शहर गाठायची घाई नको. हे प्रयोग संशोधनासाठी आहेत, प्रत्येक रुग्णासाठी नाहीत. आपल्याकडे डॉक्टर सीटी किंवा एमआरआय सांगतात, ते मुख्यतः दुसरं काही नाही ना हे बघायला. गाठ, पडल्यामुळे आत साचलेलं रक्त, पाणी साठणं, लहान-लहान झटके यांमुळेही माणूस भरकटतं. बी-१२ आणि थायरॉइडसाठी रक्त तपासतात तेही त्यासाठीच, कारण यातल्या काही गोष्टींवर चांगले उपचार आहेत. म्हणून “वय झालं” म्हणून गप्प बसायचं नाही. ओळखीच्या रस्त्यावर माणूस चुकलं की डॉक्टरांना दाखवायचंच.

आणि दुसरी गोष्ट, आजाराच्या सुरुवातीला रिपोर्टवर ‘वयाप्रमाणे ठीक’ असंही येऊ शकतं. त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून घरातली बाई खोटी ठरत नाही!

आमच्या ओळखीत एक वहिनी आहेत. सासूबाई भाजीत दोनदा मीठ घालतात, गल्ली चुकतात, हे त्या दोन वर्षं सांगत होत्या. नवऱ्याचं उत्तर ठरलेलं, “तुला आईचं काही पटतच नाही.” एक दिवस त्या आजी थेट एसटी स्टँडवर सापडल्या, तेव्हा कुठं तपासणी झाली. फिल्म आली, मुलांनी ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. यंत्रानं सांगितलं ते एका मिनिटात पटलं. बायको दोन वर्षं सांगत होती, ते मात्र पटलं नव्हतं.

म्हणून माझं सांगणं आहे, एक वही करा. तारीख, वेळ आणि काय घडलं, एवढंच दोन ओळीत लिहा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. घरचं माणूस काय सांगतं, त्यावर या आजाराचं निदान खूप अवलंबून असतं. तुमचं रोजचं बघणं ही चुगली नाही, ती तपासणीच आहे.

घरात मात्र वाद घालू नका. “हेच घर आहे” हे दहादा पटवण्यापेक्षा “चला, चहा घेऊ आणि मग निघू” म्हटलं की मन वळतं. तिन्हीसांजेला दिवे जरा लवकर लावा. कपाटं, पलंग सारखे हलवू नका. संडासाच्या दारावर मोठं चित्र लावा. गळ्यात किंवा पिशवीत नाव आणि फोन नंबर असू द्या. कोपऱ्यावरचा वाणी, रिक्षावाले यांना सांगून ठेवा, त्यात लाज कसली? ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर विचारणाही करता येते.

आपल्या देशात ६० वर्षांवरच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांमध्ये ९ टक्के, पुरुषांमध्ये ५.८ टक्के, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. म्हणजे आजार बायकांना जास्त, आणि बहुतेक घरांत सेवाही बायकांच्याच वाट्याला.

हा आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. त्यामुळे ही सेवा वर्षानुवर्षांची असते आणि ती एकटीच्या अंगावर टाकून चालणार नाही. फिल्म बघायला जमलेल्या मुलांनी, जावयांनी, लेकींनी तिथंच बसून रात्रीच्या पाळ्या ठरवाव्यात. आठवड्यातून एक दुपार तरी सुनेला मोकळी मिळावी. आजारी माणसाचा नकाशा आपण परत काढून देऊ शकत नाही. पण त्याचा हात धरणारी बाई थकून कोसळू नये, एवढी व्यवस्था तर आपल्या हातात आहे ना?