नवी कोंबडी, जुनं खुराडं
पातूरच्या बाजारातून कोंबडी आणायची, पायाची सुतळी सोडायची आणि थेट खुराड्यात ढकलायची, ही आपल्याकडची सरसकट रीत. मग सकाळी तिच्या डोक्यावरचं रक्त पाहून जुन्यांना शिव्या घालायच्या. कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे यांनी ती १९२१ च्या सुमारास शास्त्रात मांडली. कोंबड्या पाळणाऱ्या आयाबायांना ती शिकवावी लागली नसेल. नवी आली की उतरंड नव्याने लागते, आणि भांडणाशिवाय लागत नाही. पण खरी भीती मानमोडीची, म्हणजे राणीखेतची. बाजारात तरतरीत दिसलेली कोंबडीही रोग घेऊन येऊ शकते, आणि लस न दिलेला कळप बघता बघता आडवा होतो. म्हणून आधी निदान तीन आठवडे तिला लांब, वेगळं ठेवा. दाणापाणी जुन्यांना आधी, तिला नंतर. मग आठवडाभर मधे जाळी : दिसेल, पण चोच पोचणार नाही. शक्यतो एकटी आणूच नका, दोघी आणा, मार वाटला जातो. सोडायची ती अंधार पडल्यावर. (रात्रीतून जुन्या कोंबड्या तिला आपली मानतात, हे मला पटत नाही, अंधारात त्या भांडत नाहीत, एवढंच.) सकाळी दाणे दोन-तीन ठिकाणी टाका. थोडी टोचाटोची चालू द्या, रक्त दिसलं तर मात्र लगेच डाल्याखाली घ्या. आणि जुन्यांना लस दिली नसेल, तर बाजाराला जाण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन या.